साठ, पासष्ट, सदुसष्ट : वैमानिकाच्या निवृत्तिवयाची मीमांसा

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मॉन्ट्रियलला आयकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, ४२ वी महासभा भरली. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने तिच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला होता. दोन वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी उड्डाणात वयाची कमाल मर्यादा ६५ आहे, ती ६७ करावी; मात्र दोघांपैकी एक जण ६५ च्या आतला असावा. वैमानिकांच्या संघटनांनी विरोध केला आणि प्रस्ताव मान्य झाला नाही. पण तो पुन्हा येणार, कारण ज्या गरजेतून तो आला ती संपलेली नाही.

या वादात दोन्ही बाजू सुरक्षिततेचीच भाषा बोलतात, तरी त्यांचं एकमेकांशी बोलणं होत नाही. माझ्या मते याचं मूळ असं की, इथे तीन वयं एकात एक मिसळली आहेत. पहिलं परवान्याचं वय : कोणत्या वयापर्यंत पैसे देणारे प्रवासी घेऊन उडायची परवानगी आहे. दुसरं नोकरीचं वय : कंपनी कोणत्या वयाला सेवेतून मोकळं करते. तिसरं शरीराचं आणि मेंदूचं वय. पहिली दोन वयं आकड्यात लिहिता येतात, तिसरं माणसागणिक वेगळं असतं. कायदा तिसऱ्याचं नाव घेऊन पहिलं ठरवतो, आणि ते ठरताना दुसऱ्याचे हितसंबंध त्यात शिरतात. ही मर्यादा विमान उडवण्यावर नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. जे. आर. डी. टाटांनी १९३२ च्या कराची-मुंबई टपालउड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, तोच मार्ग लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने पुन्हा पार केला. वय ७८. त्यांच्या मागे तिकीट काढलेला प्रवासी नव्हता, म्हणून कायद्यालाही हरकत नव्हती. मर्यादेचा विषय आहे तो दुसऱ्याचा जीव.

साठ हा आकडा कुठून आला

अमेरिकेत हा नियम डिसेंबर १९५९ मध्ये जाहीर झाला आणि १५ मार्च १९६० पासून लागू झाला. विमान वाहतूक नियामक एफएए ही संस्था तेव्हा नवी होती आणि निवृत्त हवाई दल अधिकारी एलवूड केसाडा तिचे पहिले प्रमुख होते. नियमाचं अधिकृत कारण वैद्यकीय होतं : वय वाढतं तशी शरीराची क्षमता घटते, हृदयविकाराचा झटका कोणाला कधी येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून साठाव्या वर्षी थांबावं. हे विधान चुकीचं नव्हतं. पण त्यातून ६० च का, ५८ किंवा ६३ का नाही, याचं उत्तर मिळत नाही.

उत्तराचा एक भाग अमेरिकन एअरलाइन्सच्या कामगार संबंधांत सापडतो. त्या कंपनीने वैमानिकांना साठीला सक्तीने निवृत्त करायचं ठरवलं, वैमानिक लवादाकडे गेले, आणि निकाल वैमानिकांच्या बाजूने लागला. त्याच सुमारास, जानेवारी १९५९ मध्ये, कंपनीची बोइंग ७०७ जेट विमानं सेवेत आली होती. पंख्याच्या विमानांवर आयुष्य घालवलेल्या ज्येष्ठ वैमानिकांना जेटवर आणायचं तर प्रशिक्षणाचा खर्च मोठा, आणि त्यांच्या सेवेची वर्षं थोडी उरलेली. फेब्रुवारी १९५९ मध्ये कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी केसाडांना पत्र लिहून सुचवलं की निवृत्तीचं वय आता नियामकानेच ठरवून द्यावं. वर्ष संपायच्या आत नियम आला. १९६१ मध्ये केसाडा सरकारी पदावरून गेले आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर बसले.

एवढ्यावरून नियम खोटा ठरत नाही. एखाद्याचा फायदा होतो म्हणून नियम चुकीचा, असा तर्क मी करणार नाही. पण साठ हा आकडा वैद्यकशास्त्राने शोधून नियामकाच्या हाती दिला नव्हता. तो व्यवहारातून आला आणि वैद्यकीय आधार त्याला नंतर शोधला गेला.

तो शोध १९८१ मध्ये एका विलक्षण जागी येऊन थांबला. अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेने तज्ज्ञांची समिती नेमली. साठ या वयाला वैद्यकीयदृष्ट्या वेगळं असं काही महत्त्व नाही, हे समितीने मान्य केलं. तरीही नियम ठेवावा अशीच शिफारस केली, कारण कोण तंदुरुस्त राहील आणि कोण नाही हे व्यक्तिशः ओळखणारी विश्वासार्ह चाचणी उपलब्ध नव्हती. अशी चाचणी घडवायची तर साठीपुढच्या वैमानिकांच्या प्रत्यक्ष उड्डाणांची माहिती हवी, आणि नियमामुळे साठीपुढचा वैमानिक उडतच नव्हता. पुरावा नाही म्हणून नियम, आणि नियम आहे म्हणून पुरावा नाही. एफएएने अपवादाचा एकही अर्ज मान्य केला नाही, आणि हे वर्तुळ पुढे पाव शतक टिकलं.

ते बाहेरून तुटलं. २३ नोव्हेंबर २००६ रोजी आयकाओने मर्यादा ६५ केली, दुसरा वैमानिक साठीच्या आतला असावा या अटीवर. मग असं झालं की परदेशी कंपनीचा त्रेसष्ट वर्षांचा कॅप्टन न्यूयॉर्कला विमान उतरवू शकत होता, आणि त्याच धावपट्टीवरून साठीचा अमेरिकी कॅप्टन मात्र उडू शकत नव्हता. ही विसंगती फार काळ टिकणं कठीण होतं. १३ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेतही ६५ चा कायदा झाला. त्याआधी ज्यांची साठी उलटली होती त्यांना ज्येष्ठता परत मिळाली नाही. काही आठवड्यांच्या फरकाने पाच वर्षांची कारकीर्द गमावलेली ही माणसं या इतिहासात फार कमी वेळा आठवली जातात.

एक टक्क्याचा हिशेब

वैमानिकाच्या वयाची चर्चा निघाली की पहिली भीती हृदयाची असते : उतरताना कॅप्टनला झटका आला तर? या भीतीला विमान वैद्यकाने दिलेलं उत्तर एक टक्क्याचा नियम म्हणून ओळखलं जातं. १९८० च्या दशकात युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्याला आकार दिला. हिशेब असा : येत्या वर्षभरात एखादा वैमानिक अचानक असमर्थ होण्याची शक्यता १ टक्का धरा. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एका तासाला ही शक्यता साधारण दहा लाखांत एक. उड्डाण घेणं आणि उतरणं हा खरा नाजूक काळ एकूण वेळेच्या दहाव्या भागाइतका धरला, तर ती एक कोटीत एक होते. त्या क्षणीही शेजारी दुसरा वैमानिक असतो. तो शंभरात एकदाच कमी पडेल असं मानलं तर अपघाताची शक्यता अब्जात एक इतकी खाली येते, आणि आधुनिक विमान वाहतुकीने स्वतःसाठी ठरवलेल्या मर्यादेत ती बसते. म्हणून दोन वैमानिकांच्या विमानात १ टक्क्यापर्यंतचा वैद्यकीय धोका चालतो, एकट्याच्या विमानात चालत नाही. आयकाओने एकट्या वैमानिकाच्या व्यापारी उड्डाणासाठी साठीची मर्यादा कायम ठेवली ती याच कारणाने.

प्रत्यक्ष आकडे काय सांगतात? ब्रिटनमध्ये २००४ साली सोळा हजारांवर व्यावसायिक वैमानिकांचा अभ्यास झाला. वर्षभरात असमर्थ होण्याचं प्रमाण ०.२५ टक्के निघालं, म्हणजे नियमाच्या मर्यादेच्या पाव. मात्र साठीतल्या पुरुष वैमानिकाचा धोका चाळिशीतल्याच्या पाचपट होता. हे गुणोत्तर धरलं तर साठीपुढचा आकडा एक टक्क्यापासून फार दूर राहत नाही, आणि प्रत्येक वाढीव वर्षाने अंतर घटत जातं. दुसरीकडे, १९९३ ते १९९८ या काळात अमेरिकी विमान कंपन्यांत उड्डाणादरम्यान वैमानिक असमर्थ झाल्याच्या ३९ घटना नोंदल्या गेल्या. त्या वैमानिकांचं सरासरी वय ४७ होतं, आणि सर्वांत तरुण २५ वर्षांचा.

हे आकडे प्रत्यक्षात असे दिसतात. १८ जून २००९ रोजी ब्रसेल्सहून नेवार्कला निघालेल्या काँटिनेंटलच्या बोइंग ७७७ चा साठ वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर मरण पावला. विमान सुखरूप उतरलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिएटलहून इस्तंबूलला जाणाऱ्या तुर्की एअरलाइन्सच्या विमानात ५९ वर्षांचा कॅप्टन गेला. सहकाऱ्यांनी विमान न्यूयॉर्कला उतरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचं उड्डाण घेण्याआधी बोर्डिंग गेटजवळ एक वैमानिक कोसळला आणि वाचला नाही. त्याचं वय अवघं चाळीस होतं. हृदय वयाची सरासरी पाळतं, पण दाखला बघून थांबत नाही.

झटक्याच्या प्रश्नाला अशा रीतीने बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर आहे, आणि ते उत्तर म्हणजे शेजारच्या खुर्चीतला माणूस. एवढाच प्रश्न असता तर ६७ ला विरोध करायला मला फारसा आधार दिसला नसता.

हळूहळू होणारी घट

१८ जून १९७२ रोजी लंडनजवळ स्टेन्स इथे बीईएचं ट्रायडंट विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच कोसळलं आणि ११८ जण मरण पावले. पंखांच्या पुढच्या कडेचे ड्रूप वेळेआधी आत घेतले गेले होते. शवविच्छेदनात ५१ वर्षांच्या कॅप्टनच्या हृदयाची रोहिणी फाटू लागल्याचं आढळलं. चौकशीने काढलेला निष्कर्ष फार मोलाचा आहे. कॅप्टन कोसळला नव्हता. तो खुर्चीत होता, विमान त्याच्या हातात होतं, फक्त त्याचं लक्ष आणि निर्णयशक्ती बिघडली होती. कॉकपिटमधले बाकीचे वैमानिक तरुण होते, एक तर अवघा बावीस वर्षांचा. त्यांना ते वेळीच उमगलं नाही, किंवा उमगूनही हात पुढे झाला नाही.

एक टक्क्याच्या हिशेबात ही शक्यता धरलेली नाही. वैमानिक बेशुद्ध पडला तर ते दिसतं आणि दुसरा ताबा घेतो. वैमानिक जागा आहे पण थोडा मंद आहे, दोन सूचना एकदम आल्या तर एक निसटते, अनपेक्षित गोष्ट घडली की मार्ग बदलायला त्याला जास्त वेळ लागतो, हे दिसत नाही. आणि वयाचा खरा परिणाम बहुधा इथेच असतो. माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग आणि तात्पुरती स्मृती प्रौढपणापासूनच हळूहळू उतरत जाते; कमावलेलं ज्ञान आणि परिस्थिती ओळखण्याची नजर बराच काळ टिकते. प्रश्न असा की कॉकपिटमध्ये या दोहोंपैकी काय वरचढ ठरतं.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांना सिम्युलेटरवर तीन वर्षं तपासलं. सुरुवातीच्या चाचणीत वयस्कर वैमानिक मागे होते. पण पुढच्या चाचण्यांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली, आणि ज्यांचं कौशल्य वरच्या दर्जाचं होतं ते अधिक टिकून राहिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास तीन हजारांहून अधिक छोट्या कंपन्यांच्या आणि हवाई टॅक्सीच्या वैमानिकांचा आहे. ते चाळिशीच्या उत्तरार्धातून पन्नाशीच्या उत्तरार्धात गेले तरी अपघाताचा धोका वाढला नाही. ५,००० ते १०,००० तासांचा अनुभव असलेल्यांचा धोका त्याहून कमी अनुभवी लोकांपेक्षा निम्म्याहून खाली होता.

अनुभवाच्या बाजूने नेहमी तीन नावं सांगितली जातात. हडसन नदीत विमान उतरवणारे सलेनबर्गर ५७ वर्षांचे होते. १९८९ मध्ये सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेलेलं डीसी-१० सू सिटीपर्यंत नेणारे अल हेन्सही ५७ चेच. त्याच वर्षी मालकक्षाचं दार उडालेलं ७४७ होनोलुलूला परत आणणारे डेव्हिड क्रोनिन ५९ चे, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. या तिघांबद्दल मला नितांत आदर आहे, पण पुरावा म्हणून ही नावं अपुरी आहेत. आपण जिंकलेल्या गोष्टी आठवतो. शिवाय साठीपर्यंत कॉकपिटमध्ये टिकणारा वैमानिक आधीच निवडला गेलेला असतो. आजारी पडलेले, चाचणीत अडखळलेले वाटेत गळालेले असतात. वयस्कर वैमानिकांचे अपघाताचे आकडे चांगले दिसतात त्यात या गाळणीचा वाटा मोठा आहे, आणि तेच आकडे गाळणी सैल करायच्या बाजूने वापरणं चुकीचं ठरेल.

मग चाचणीच का घेऊ नये? वैमानिकाची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटर तपासणी होतेच. अडचण तपासणीच्या स्वरूपात आहे. इंजिन बंद पडणं, उतरणं रद्द करून पुन्हा वर जाणं, हे प्रसंग बहुतेक ठरलेले असतात आणि चाळीस वर्षं उडवलेल्या माणसाला ते अंगवळणी पडलेले असतात. जी क्षमता आधी घटते, म्हणजे नव्या आणि गोंधळाच्या स्थितीतला वेग, तिलाच या तपासणीत सर्वांत कमी वाव असतो. वैद्यकीय तपासणीतही हृदय, दृष्टी, श्रवण यांना जे स्थान आहे ते मेंदूच्या कार्यक्षमतेच्या मोजमापाला नाही.

इथे आणखी एक धोका आहे, लपवण्याचा. २२ एप्रिल १९६६ रोजी ओक्लाहोमात आर्डमोरजवळ अमेरिकन फ्लायर्सचं विमान कोसळून ८३ जण मेले. ५९ वर्षांच्या कॅप्टनला उतरताना हृदयविकाराचा झटका आला होता. त्याला हृदयविकार आणि मधुमेह होता, आणि परवान्याच्या वैद्यकीय अर्जात त्याने तो सांगितला नव्हता. ज्या तपासणीवर पोट अवलंबून आहे तिला माणूस सगळं खरं सांगेलच असं नाही. मर्यादा वाढवून तपासण्या कडक केल्या की प्रश्न सुटला, असं म्हणणाऱ्यांनी आर्डमोर विसरू नये. मेडिकलमध्ये नापास झालेल्याला उपजीविकेची हमी मिळाल्याखेरीज तपासणी प्रामाणिक होणार नाही.

ज्येष्ठता आणि पैसा

वैमानिकांच्या संघटना तरी सातत्याने सुरक्षिततेच्या बाजूने बोलल्या का? अमेरिकेतली सर्वांत मोठी संघटना, अल्पा, १९६० पासून वीस वर्षं साठीच्या नियमाविरुद्ध लढली. १९८० मध्ये ती नियमाच्या बाजूला गेली. मे २००७ मध्ये पुन्हा फिरली आणि ६५ ला राजी झाली. आज ती ६७ च्या विरोधात आहे. वैमानिकाचं शरीर या काळात दोनदा बदललं नाही. बदललं ते अर्थकारण.

विमान कंपनीत सगळं ज्येष्ठतेवर चालतं : कोणतं विमान, कोणता मार्ग, कोणती सुट्टी, कॅप्टनची डावी खुर्ची कधी. वरचा एक जण दोन वर्षं जास्त थांबला की खालचे सगळे दोन वर्षं थांबतात. निवृत्तिवेतन भक्कम असतं तोवर साठीची निवृत्ती सोयीची वाटते. ११ सप्टेंबर २००१ नंतर कंपन्या दिवाळखोरीत गेल्या; यूएस एअरवेज, युनायटेड, डेल्टा यांच्या वैमानिकांच्या निवृत्तिवेतन योजना बंद झाल्या. सरकारी विमा संस्थेने जे द्यायचं तेही ६५ च्या आधी घेतलं तर कमी मिळत होतं. कायदा साठीला घरी बसवतो आणि विमा पासष्टीपर्यंत थांबायला सांगतो, अशा कात्रीत सापडलेल्या माणसांनी भूमिका बदलली यात लबाडी नव्हती. पण अशा भूमिकेला शास्त्रीय साक्ष मानता येणार नाही.

आजच्या कंपन्यांच्या ६७ च्या मागणीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. अमेरिकेत २०२३ साली प्रतिनिधिगृहाने ६७ मान्य केलं. सेनेटच्या समितीत ते एका मताने पडलं, आणि मे २०२४ च्या कायद्यात आलं नाही. तेव्हा दिलेलं कारण वैमानिकांच्या तुटवड्याचं होतं. तुटवडा हे भरतीचं कारण असू शकतं. मेंदूच्या क्षमतेबद्दल ते काही सांगत नाही.

न्यायालयांनी मात्र परवान्याचं वय आणि नोकरीचं वय यांची गाठ बऱ्यापैकी सोडवली आहे. युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये लुफ्तान्साचा साठीचा करार फेटाळला, कारण कायद्याला ६५ सुरक्षित वाटतं तर कंपनीला ६० ची सक्ती सुरक्षिततेच्या नावाने करता येणार नाही. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने ६५ ची कायदेशीर मर्यादा वैध ठरवली, पण प्रवासी नसलेल्या उड्डाणांना आणि प्रशिक्षणाला ती लागू नाही असंही सांगितलं. आपल्याकडे एअर इंडियाचे वैमानिक ५८ ला निवृत्त होत, तर परवाना ६५ पर्यंत चाले. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परतल्यावर ५८ नंतरही ६५ पर्यंत उडू देण्याचं धोरण आलं. सात वर्षांची ही तफावत सुरक्षिततेची नव्हती, सेवानियमांची होती. याच कंपनीच्या हवाई सुंदरींना एकेकाळी ३५ व्या वर्षी, किंवा पहिल्या गरोदरपणात, घरी जावं लागे; गरोदरपणाची अट सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केली, वयाची मात्र ठेवली. वयाच्या आकड्यामागे प्रत्येक वेळी शरीरच असतं असं नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

दुसऱ्या खुर्चीवरचा भार

आयाटाच्या प्रस्तावातली ‘एक जण ६५ च्या आतला’ ही अट दिलासा देणारी वाटते. २००६ मध्ये अशीच अट साठीची होती आणि २०१४ मध्ये आयकाओने ती काढून टाकली. दोन्ही वैमानिकांना एकाच उड्डाणात झटका येण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की झटक्यासाठी या अटीची गरज नाही. हळूहळू होणाऱ्या घटीसाठी हवा तो नुसता तरुण नव्हे, तर कॅप्टनला थांबवण्याइतका अनुभवी सहकारी. स्टेन्सच्या कॉकपिटमध्ये तारुण्य होतंच.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, लांबच्या प्रवासात काही काळ कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवण्याची कल्पना गेली काही वर्षं विमान उद्योगातून पुढे येते आहे. युरोपच्या नियामकाने २०२५ मध्ये तिचा अभ्यास करून सांगितलं की सध्याइतकी सुरक्षितता त्यात सिद्ध होत नाही. वय वाढवण्याचा सगळा वैद्यकीय युक्तिवाद दुसऱ्या वैमानिकावर उभा आहे, आणि दुसऱ्या मागणीत त्यालाच काही तास झोपायला पाठवायचं आहे. या दोन मागण्या नियामकांनी एकाच टेबलावर, एकत्र तपासल्या पाहिजेत. त्यांतली एक मान्य झाली तर दुसरीचा आधार जातो.

म्हणून ६५ हा आकडा मला पवित्र वाटत नाही, पण तो आज बदलावा असंही वाटत नाही. १९८१ मधल्या समितीला जो पुरावा मिळू शकत नव्हता तो आता मिळू शकतो. जपान २०१५ पासून आपल्या वैमानिकांना वयाची ६८ वर्षं पूर्ण होईपर्यंत उडू देतो. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या परवान्यांना वरची मर्यादाच नाही. आंतरराष्ट्रीय मार्गांवर ते वैमानिक अडतात ते दुसऱ्या देशांच्या आकाशात. साठी गाठलेल्या क्वांटासच्या कॅप्टनची नोकरीत राहण्याची मागणी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने याच कारणाने फेटाळली होती. म्हणजे ६५ पुढचे वैमानिक आज प्रत्यक्ष उडत आहेत. त्यांच्या सिम्युलेटर तपासण्या, वैद्यकीय नोंदी, विमानातल्या माहिती-यंत्रांवर उमटणाऱ्या छोट्या चुका, हे सगळं नावं वगळून एका जागी आणायला आयकाओला कोणी अडवलेलं नाही. हे काम कंपन्यांवर सोडू नये, संघटनांवरही नाही. त्यासाठी लागणारा खर्च ६७ मागणाऱ्यांनी उचलावा, विश्लेषण स्वतंत्र संस्थेने करावं, आणि तपासणीत वेग व लवचीकता मोजणारे अनपेक्षित प्रसंग चाळिशीपासूनच सगळ्यांना लागू करावेत, म्हणजे पासष्टीला एखाद्याची तुलना सरासरीशी न करता त्याच्याच पंचवीस वर्षांच्या नोंदीशी करता येईल.